'पडली तर?'

विमानतळ झाल्यापासून आमच्या रोडपालीतल्या लोकांच्या माना वर राहायला लागल्या आहेत. पूर्वी इथे वर बघावं असं फार काही नव्हतं. एका बाजूला तळोज्याचे कारखाने, दुसऱ्या बाजूला कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रेलर आणि मध्ये आम्ही. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली आणि आमच्या महिला मंडळाच्या अभ्यासिकेतल्या मुलींचे प्रश्नच बदलले. आधी त्या 'एअर होस्टेस व्हायला काय लागतं?' असं विचारायच्या. आता सरळ विचारतात, "काकू, पायलट व्हायला काय लागतं?"

मुलींच्या प्रश्नाचं उत्तर शोधून काढता येतं. आयांच्या प्रश्नाचं उत्तर देणं जास्त अवघड. तो प्रश्न दोनच शब्दांचा असतो, "पडली तर?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी काही विमानातली तज्ज्ञ नव्हे, मराठी घेऊन बी.ए. झालेली गृहिणी. पण एकदा बिनइंजिनाच्या विमानात बसून आले आहे आणि गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका मुलीच्या घरच्यांबरोबर चौकशीसाठी बरंच फिरले आहे. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते. कारण एक गोष्ट लक्षात घ्या, दोनशे माणसांचं मोठं विमान चालवणारी प्रत्येक बाई आधी दोन किंवा चार माणसांच्या छोट्या विमानातच शिकलेली असते. मुलीला पाठवायचं की नाही हे ठरवायचं, तर आधी हे छोटं विमान समजून घ्यायला हवं.

इंजिनच नाही, मग उडतं कसं?

पुण्यात हडपसरला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, ग्लायडिंग सेंटर होतं. माझे दीर तिथे जवळच राहतात. २०१२ च्या मे महिन्यात मुलांना घेऊन गेलो होतो, तेव्हा मुलांपेक्षा मलाच जास्त उत्सुकता! काही शे रुपयांत एक फेरी मिळत होती. आधी फॉर्म भरून घेतला, वजन विचारलं. ओढणी काढून ठेवायला सांगितली, पर्समधलं सुटं सामान बाहेर ठेवलं. पुढच्या सीटवर मी, मागे प्रशिक्षक. पट्टे त्यांनी स्वतः आवळले आणि वरचं पारदर्शक झाकण लावलं.

ग्लायडरला चाक एकच, त्यामुळे उभं असताना ते एका पंखावर कललेलं असतं. एकजण पंखाचं टोक हातात धरून ते सरळ करतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असते, म्हणजे तार गुंडाळणारं यंत्र. इशारा झाला की ती तार जोरात ओढली जाते आणि ग्लायडर पतंगासारखं वर जातं. पतंगासारखं म्हणजे अगदी तसंच, नाक आभाळाकडे आणि पाठ सीटला दाबलेली. मी डोळे मिटले होते हे सांगायला लाज वाटत नाही. मग 'खट्' असा आवाज झाला. तार सुटली. आणि एकदम शांतता... फक्त वाऱ्याची सळसळ.

डोळे उघडले तर समोर झाकणावर बाहेरून एक लोकरीचा धागा चिकटवलेला. मला वाटलं, कुणाच्या स्वेटरचा अडकला असावा. मागून सर म्हणाले, "ताई, तो धागा सरळ मागे उडत असला की समजायचं, आपण सरळ चाललोय. एका बाजूला गेला की घसरतोय." एवढ्या यंत्रांच्या गर्दीत सगळ्यात भरवशाचं यंत्र म्हणजे चार बोटांचा लोकरीचा धागा!

पाचसात मिनिटांत आम्ही खाली आलो. पण तेवढ्यात एक समज माझ्या डोक्यातून कायमचा गेला. इंजिन बंद म्हणजे विमान दगडासारखं खाली येतं, हे खरं नाही. पंखांना आधार देते ती पुढे जाताना त्यांच्यावरून वाहणारी हवा. इंजिन नसलं तर विमान नाक थोडं खाली ठेवून घसरगुंडीसारखं पुढे सरकत राहतं. साधं ग्लायडरसुद्धा एक किलोमीटर उंचीवरून वीस-पंचवीस किलोमीटर लांब जाऊ शकतं.

आणि वर कसं चढतं? त्यासाठी दुपारी गच्चीत उभं राहून घार बघा. पंख न हलवता ती गोल गोल फिरत वर जाते. नांगरलेलं काळं रान, डांबरी रस्ता, पत्र्याच्या शेड लवकर तापतात. त्यांच्यावरची हवा गरम, हलकी होऊन वर उठते. उसाचं रान किंवा तळं थंड, तिथे तसं होत नाही. घार त्या वर जाणाऱ्या हवेत शिरते आणि ग्लायडरवाला घारीच्या मागे. उन्हाळ्यातली दुपार आपल्याला नकोशी, ग्लायडरवाल्यांना तीच हवी!

आपल्या देशात बनलेल्या ग्लायडरची नावं ऐकून मला फार मौज वाटली. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा! कालनिर्णयमधली नक्षत्रंच ती. 'रोहिणी'त शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसत.

पडायचं कसं, हेच आधी शिकवतात

आता मूळ प्रश्नाकडे येते. विमान खरोखर पडायला लागतं ते कधी? नाक वर वर नेत राहिलं आणि वेग कमी झाला की पंखांवरची हवा विस्कटते आणि पंख विमानाला पेलू शकत नाहीत. याला 'स्टॉल' म्हणतात. रस्त्यात गाडी बंद पडते तसं हे नव्हे, इंजिन चालू असतानाही ते होऊ शकतं.

शिकणाऱ्या मुलामुलींना प्रशिक्षक भरपूर उंचीवर नेतात आणि मुद्दाम हे घडवून आणतात. विमान थरथरतं, नाक खाली पडतं. घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप दांडा मागे ओढतो, म्हणजे नाक अजून वर. नेमकं तेच करायचं नसतं. दांडा पुढे करायचा, नाक खाली जाऊ द्यायचं, वेग घ्यायचा, मग सावरायचं. हे इतक्या वेळा करून घेतात की भीतीच्या जागी सवय बसते. इंजिन बंद पडल्याचं नाटकही पुन्हा पुन्हा करतात. इंजिनाचा जोर एकदम कमी करून विचारतात, "आता कुठे उतरशील?" म्हणून छोटं विमान चालवणाऱ्याची नजर सतत खालचं सपाट शेत शोधत असते.

या सवयीने किती जीव वाचतात याचं एक जुनं उदाहरण आहे. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एअर कॅनडाचं नवंकोरं बोईंग ७६७ विमान एकेचाळीस हजार फुटांवर असताना इंधन संपलं. कारण काय, तर माप! इंधन लिटरमध्ये मोजून त्याचं वजन किलोत काढायचं होतं, हिशेब केला गेला पौंडाचा. म्हणजे हवं होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरलं गेलं. दोन्ही इंजिनं बंद. पण कॅप्टन बॉब पिअर्सन हे हौशी ग्लायडर पायलटही होते. त्यांनी एवढं मोठं विमान ग्लायडरसारखं घसरवत आणलं आणि गिमली नावाच्या गावातल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. विमानातली सगळी ६९ माणसं वाचली.

पण चांगल्याच गोष्टी सांगितल्या तर ते खोटं बोलण्यासारखं होईल. १८ मार्च २०२३ ला गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून उडालेलं एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात कोसळलं. शिकणारी मुलगी आणि तिचे प्रशिक्षक, दोघंही गेले. त्याच्या आदल्या वर्षी, २५ जुलै २०२२ ला, बारामतीहून एकटीच उडालेल्या बावीस वर्षांच्या शिकाऊ मुलीचं विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एका शेतात पडलं. विमान मोडलं, मुलगी किरकोळ जखमांवर वाचली. गावकरी मदतीला धावले होते.

म्हणजे "पडली तर?" याला "छे, काही होत नाही" हे उत्तर नाही. धोका आहे. तो कमी कसा करतात, आणि आपण पाठवतोय तिथे ते खरंच करतात का, हे आईने विचारायला हवं.

उडण्याआधीचा अर्धा तास

हा भाग ऐकताना मला आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. कितीही अनुभवी पायलट असो, उडण्याआधी छोट्या विमानाला हाताने चाचपत एक पूर्ण चक्कर मारतो. हातात छापील यादी असते. पाठ असली तरी यादी वाचूनच करायचं.

काट्यावर विश्वास नाही. पंखावरच्या टाकीचं झाकण उघडून आत पट्टी बुडवून इंधन किती ते बघायचं, आपण तेलाच्या डब्यात पळी बुडवून बघतो तसं. मग टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या नळीत काढायचं. पाणी जड, ते खाली बसतं. छोट्या विमानांचं पेट्रोल निळसर असतं, त्यामुळे तळाला पाणी असलं तर लगेच दिसतं. टायर, बिजागऱ्या, खिळे बघायचे. वेग मोजणारी एक बारीक नळी बाहेर असते, तिच्यात कुंभारमाशी मातीचं घर करते! उभ्या विमानाच्या नळीवर त्यासाठी लाल टोपी घालतात आणि ती काढायला विसरलं तर वेगाचा काटा चालत नाही.

मग स्वतःची तपासणी. तीसुद्धा यादीच आहे. आजारी आहे का? गुंगी आणणारं औषध घेतलंय का? सर्दीची साधी गोळीही यात आली. मनावर ताण? मद्य? झोप पुरी झाली? पोटात काही आहे? यातल्या एकाचं उत्तर चुकीचं असलं तर त्या दिवशी उडायचं नाही.

अभ्यासिकेतल्या मुलींनी हळूच विचारलं होतं, "काकू, पाळी असताना?" पाळी म्हणून बंदी नाही. पण पोटात कळा येताहेत, चक्कर येतेय, तर त्या दिवशी जमिनीवर थांबायचं. हा नियम कुठल्याही दुखण्याला आहे, तसाच याला.

खरं सांगू? ही सगळी विद्या ऐकताना मला वाटलं, शेवटी हे दोन शब्दांवर येतं, 'आज नको'. समोर ढग आहेत, आज नको. वारा आडवा आहे, आज नको. छोटं विमान शिकताना बाहेर डोळ्यांना स्पष्ट दिसलं पाहिजे, म्हणून पावसाळ्यात दिवसेंदिवस उड्डाणं होत नाहीत. मे महिन्याच्या दुपारी हवा तापून विरळ होते, विमानाला उडायला जास्त धावपट्टी लागते, म्हणून पहाटे उडतात. आपल्या मुलींना 'हो' म्हणायला आपण लहानपणापासून शिकवतो. पाहुण्यांना हो, मोठ्यांना हो. पायलट होणाऱ्या मुलीला मात्र वरिष्ठांसमोर 'आज नको' म्हणता आलं पाहिजे. ती सवय घरातूनच लागणार.

पैसे भरण्याआधी

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या रोडपालीतलीच मुलगी, नाव मुद्दाम देत नाही. बारावी सायन्स, चांगले मार्क. वडील ट्रेलर चालवतात. आमच्या भागात सिडकोने जमिनी घेतल्या, त्या बदल्यात घरटी 'साडेबारा टक्क्यांचे' प्लॉट मिळाले. यांच्या वाट्याला भावांमध्ये मिळून एक लहानसा प्लॉट आला होता, तेवढीच पुंजी. कुणीतरी एजंट घरी येऊन सांगून गेला, "पूर्ण फी एकदम भरा, सवलत मिळेल, वर्षात मुलगी पायलट." वडील प्लॉटचा हिस्सा विकायला निघाले. आई माझ्याकडे आली, "ताई, प्लॉट गेला तर जाऊ दे, पण पडली तर?"

मी म्हटलं, "दोन्ही प्रश्नांची उत्तरं काढू. तोपर्यंत कागदावर सही नको."

पहिलं काम केलं वैद्यकीय तपासणीचं. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे आधी 'क्लास टू' आणि पुढे व्यावसायिक लायसन्ससाठी 'क्लास वन' तपासणी असते. डोळे, कान, रंग ओळखता येणं, हृदय, सगळं बघतात. चष्मा असला तरी चालतो, चष्म्याने नीट दिसलं पाहिजे. कितीतरी घरं आधी फी भरतात आणि मग तपासणीत अडचण निघते. उलटं करा. हिचा 'क्लास टू'चा दाखला आला, पोरीने सोसायटीत पेढे वाटले.

मग त्या एजंटने सांगितलेली संस्था बघायला गेलो. माहितीपत्रकात सहा विमानं. मुलीची आई सातवी शिकलेली, ती काही बोलली नाही, शेडच्या दाराशी उभी राहून मोजत राहिली. मग ऑफिसातल्या माणसाला तिने विचारलं, "भाऊ, आज यातली उडणारी किती?" दोन! बाकीची दुरुस्तीला. तिथे शिकणारा एक मुलगा बाहेर चहाच्या टपरीवर भेटला. दोन वर्षं झाली, तास निम्मेसुद्धा झाले नव्हते. फी मात्र पहिल्याच महिन्यात पूर्ण भरलेली.

प्लॉटचे कागद परत कपाटात गेले.

तुम्ही चौकशी कराल तेव्हा हे लक्षात ठेवा. वयाची सोळा पूर्ण आणि दहावी झाली की शिकाऊ लायसन्स, सतराव्या वर्षी खासगी लायसन्स, अठराव्या वर्षी व्यावसायिक. व्यावसायिक लायसन्सला दोनशे तास उड्डाण लागतं, त्यातले शंभर तास स्वतःच्या जबाबदारीवर. लेखी परीक्षा असतात त्या हवाई नियम, दिशा-मार्ग, हवामान आणि विमानाचं तंत्र यांच्या, शिवाय रेडिओवर बोलण्याची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं अशी अट चालत आली आहे. कला-वाणिज्यवाल्या मुली हे दोन विषय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, देत आल्या आहेत. ही अट सैल करण्याचा विचार २०२५ मध्ये पुढे आला होता, म्हणून अर्ज करताना डीजीसीएचा ताजा नियम वाचा.

खर्च? पन्नास लाखांच्या घरात जाऊ शकतो, आणि लायसन्स मिळाल्यावर मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यायचं तर आणखी काही लाख. नोकरी लगेच लागेलच असं नाही. म्हणून संस्था डीजीसीएच्या यादीत आहे का ते बघा. उडणारी विमानं किती, प्रशिक्षक किती, विद्यार्थी किती, गेल्या वर्षी कितीजणांचे दोनशे तास पूर्ण झाले, हे लेखी मागा. फी हप्त्याने, तास होतील तशी भरा. आणि जुन्या विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, एकटं गाठून बोला. वसतिगृह, पहाटेचं येणं-जाणं, प्रशिक्षकांचं वागणं, हे त्याच खरं सांगतील.

कमी खर्चाच्या वाटा

आमची ती मुलगी सध्या बी.एस्सी.ला आहे आणि एनसीसीच्या हवाई शाखेत निवडली गेली आहे. ही वाट फार थोड्या घरांना माहीत असते. मुंबई, पुणे, नागपूरला एनसीसीच्या एअर स्क्वाड्रन आहेत, त्यांच्याकडच्या कॅडेटना मायक्रोलाइट या छोट्या विमानातून उड्डाणाचा अनुभव मिळतो, फी न भरता. पहिल्या वर्षाचा प्रवेश घेतानाच कॉलेजमध्ये 'एअर विंग' आहे का हे विचारा, नंतर गेलं तर जागा नसते. यात 'सी' सर्टिफिकेट मिळवलं तर हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी वेगळी वाट उघडते. हवाई दलात निवड झाली तर शिक्षणाला खर्च नाही, उलट पगार! नागपूरची अंतरा मेहता २०२० मध्ये लढाऊ विमानाची पायलट झाली, महाराष्ट्रातली पहिली मुलगी.

उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षेने घेतात. आमची मुलगी तीही देणार आहे. कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टल बघा, शिष्यवृत्तीसाठी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

आणि मुलींची ही वाट नवी नाही. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये लाहोरला साडी नेसून जिप्सी मॉथ हे छोटं विमान उडवलं, तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि घरी चार वर्षांची मुलगी होती. आपल्या मुंबईची आरोही पंडित तर अलीकडची. १९२८ सालच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये ती शिकली. साधारण चारशे किलोच्या 'माही' नावाच्या विमानातून, जे खरं तर इंजिन बसवलेलं ग्लायडरच, २०१९ च्या मे महिन्यात तिने एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला आणि ऑगस्टमध्ये पॅसिफिकवरून अलास्काहून रशियात गेली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. आज आपल्या देशातल्या पायलटमध्ये सुमारे पंधरा टक्के बायका आहेत. जगात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे.

एकदा बसून बघायचं असेल तर

मुलीला पाठवण्याआधी आईने एकदा स्वतः वर जाऊन यावं, असं माझं मत. ग्लायडर असो की छोटं विमान, आधी फोन करून उड्डाणं चालू आहेत का, वार कोणता, वजनाची मर्यादा काय, हे विचारूनच निघा. सलवार-कमीज किंवा पँट घाला, साडी-ओढणी नको, केसांना मोठे चिमटे नकोत. उपाशी जाऊ नका, भरपेटही नको. सर्दीने कान-नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी जाऊ नका, खाली येताना कान भयंकर दुखतात. गरोदर असाल, रक्तदाब किंवा फिटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मळमळलं तर मांडीकडे बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा आणि तोंडाने सांगा, "सर, खाली चला." त्यात कमीपणा काही नाही. पायाजवळची पेडल आणि समोरचा दांडा यांना हात-पाय लावू नका. मोबाइल हातातून सुटून त्यांच्याखाली अडकला तर जिवावर बेतेल, म्हणून फोटोचा हट्ट नको.

ज्यांच्या गावाजवळ शिकाऊ विमानं फिरतात त्यांच्यासाठी एक सांगते. एखादं विमान शेतात उतरलं किंवा पडलं, तर आधी ११२ ला फोन करा. धूर-आग नसेल तर आतल्या माणसाला पट्टे सोडवून बाहेर काढायला मदत करा, मानेला-पाठीला मार असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत हलवू नका. जवळ विडी-काडी पेटवू देऊ नका, पेट्रोल सांडलेलं असतं. पुढच्या पंख्यापासून लांब राहा, थांबलेला पंखाही अचानक फिरू शकतो. मुलांना तुकडे उचलू देऊ नका, अपघात का झाला हे त्या तुकड्यांवरूनच कळतं.

आणि गाव विमानतळाजवळ असेल तर उघड्यावर कचरा, मासळी-मटणाचा घाण टाकू देऊ नका. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत त्याला कायद्याने मनाई आहे. ग्लायडरला वाट दाखवणारी घार धावपट्टीजवळ कचऱ्यासाठी आली, तर तीच विमानाच्या जिवावर उठते. आमचं मंडळ सध्या रोडपालीत याच कामाला लागलं आहे.

तुमच्या घरातली मुलगी उद्या म्हणाली, "आई, मला पायलट व्हायचंय," तर लगेच 'नाही' म्हणू नका आणि लगेच दागिनेही काढून देऊ नका. आधी तिची मेडिकल करा, एनसीसीची चौकशी करा, संस्थेच्या दारात उभं राहून उडणारी विमानं मोजा. 'पडली तर?' हा प्रश्न मनात ठेवू नका. तो त्या संस्थेच्या मुख्य प्रशिक्षकांना समोर बसून विचारा. जे शांतपणे, नीट उत्तर देतील, त्यांच्याकडेच मुलगी पाठवा.